बुचांचा क्लच

कुणी काही विचारलं की आधी त्यांचा डावा हात मिटायचा. समोर हँडल नाही, गाडी नाही. पण मांडीवरच्या हाताची चार बोटं आत वळायची, क्षणभर तशीच राहायची आणि सावकाश उघडायची. उत्तर त्यानंतर. "थांबा बाई, क्लच दाबू द्या," म्हणायचे. गिअर बदलल्याशिवाय या माणसाला बोलता येत नाही, असं आम्ही शेजारी म्हणायचो आणि हसायचो.

ते दूध संघाचे पशुधन पर्यवेक्षक होते. जुन्या मोटारसायकलवरून गावोगाव फिरायचं, सभासदांच्या गाई-म्हशींना लस टोचायची, अडलेली गाय मोकळी करायची, हे त्यांचं काम. बेंबळीत आमच्या अंगणापलीकडची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. मी तिथल्या शाळेत शिकवत होते. माझे यजमान नोकरीसाठी नांदेडला, त्यामुळं घरात मी आणि सासूबाई दोघीच.

माणसांच्या दुखण्याची चौकशीही ते आपल्या पद्धतीनंच करायचे. सासूबाईंना ताप आला तेव्हा दारात उभं राहून त्यांनी मला विचारलं, "वैरण खात्यात का?" मग स्वतःच लाजले. "म्हणजे, भाकरी खाल्ली का मावशीनं?"

ते बौद्ध. पहिले काही महिने सासूबाई त्यांना पाणी वरूनच ओतायच्या आणि ते ओंजळ धरायचे. पुढं केव्हातरी सासूबाई तांब्या हातात द्यायला लागल्या. कधीपासून, ते त्यांना आठवत नसेल. हे मात्र तो दिवस विसरले नसतील.

सुरुवातीला बायको आणि लहान मुलगी त्यांच्यासोबत होत्या. मग बायकोला सोलापूरला एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. मुलीच्या शाळेचंही तिकडं बरं होईल म्हणून दोघी गेल्या. यांनी तिकडं बदली मागायची आणि तोवर दर रविवारी जायचं, असं ठरलं होतं. काही महिने ते गेलेही. रविवारी पहाटे दाढी करून, डिकीत मुलीसाठी गूळ-शेंगा घालून निघायचे.

पण लागोपाठ पाऊस हुकला. ऐंशीनंतरची ती कोरडी वर्षं ज्यांनी आपल्या भागात काढलीत, त्यांना जास्त सांगायला नको. गावाबाहेर जनावरांची छावणी उभी राहिली. दूध आटत गेलं आणि यांचं काम वाढत गेलं. रोज कुठलंतरी ढोर बसायचं, उठायचं नाही. रविवार हुकू लागले.

त्यातच गाडीचा क्लच गेला. इंजिन नुसतं ओरडायचं, चाक ओढ घ्यायचं नाही. छावणीपर्यंतच्या सपाट वाटेवर गाडी कशीबशी चाले, पण तुळजापूरचा घाट चढणं शक्य नव्हतं. "क्लच झाला की जातो," ते सांगायचे. जुन्या गाडीच्या प्लेटा धाराशिवात मिळेनात. त्या प्लेटांच्या भोकांत कॉर्कची बुचं बसवलेली असायची, तीच झिजली होती. मग त्यांनी सरकारी दवाखान्यातून औषधाच्या बाटल्यांची बुचं गोळा करायला सुरुवात केली. महिनाभर तरी ते बुचंच गोळा करत होते. मला कधीकधी वाटायचं, या माणसाला घाई कशी नाही?

शेवटी एका रविवारी त्यांनी अंगणात पोतं अंथरलं. तेल पातेल्यात काढलं, झाकण खोललं, प्लेटा ओळीनं मांडल्या. बुचं गरम पाण्यात मऊ करून एकेक भोकात अंगठ्यानं दाबून बसवायची, वर आलेला भाग पॉलिश पेपरवर घासून सारखा करायचा, असं काम चाललं होतं. सासूबाई काठी घेऊन कोंबड्या हाकत बसल्या होत्या. तरी एक कोंबडी बूच चोचीत धरून पळालीच.

तिच्यामागं एक लहान मुलगी हसत धावली. त्यांचीच मुलगी. फाटकात बायको उभी होती, हातात पिशवी.

ते उठले, पण हात तेलानं काळे. ते तसेच पुढं धरून उभे राहिले.

"गाडी खोललीय," ते म्हणाले. "आज होतीय बघ. पुढच्या रविवारी येतो."

बायको पायरीवर टेकली. मी पाणी आणून दिलं. ते पिऊन तिनं शांतपणे विचारलं, "धाराशिवातून सोलापूरला दिवसभर एस्ट्या सुटत्यात. आमी बसनंच आलो. तुमाला बस दिसली न्हाय का?"

त्यांचा डावा हात मिटला. बराच वेळ उघडला नाही.

"छावणीत ढोरं मरायल्यात," ते म्हणाले. "तिथं येऊन म्या काय करू? तू दवाखान्यात, ही शाळंत. म्या नुसता खोलीत बसून ऱ्हातो. इथं कुणी तरी वाट बघतंय."

"आमी न्हाय बघत व्हय?"

मुलगी कोंबडीनं टाकलेलं बूच घेऊन आली आणि बापाच्या हातावर ठेवलं. ते त्यांनी पाण्यात टाकलं.

दुपारी आमच्याकडं सगळे जेवलो. त्या दोघी निघाल्या तेव्हा ते म्हणाले, "तासाभरात बसवतो, फाट्यापर्यंत सोडतो तुमाला."

"ऱ्हाऊ द्या. आमी चालत जातो," बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. नवा क्लच असा धरला की मागचं चाक मातीत खड्डा पाडून पुढं उसळलं. त्यांनी गावाला एक वळसा घातला आणि परत येऊन गाडी भिंतीला लावली. पुढच्या रविवारी ते सोलापूरला जातील म्हणून आम्ही बघत होतो. त्यांनी पुन्हा पोतं अंथरलं आणि क्लच खोलला.

"नीट व्हती की," सासूबाई म्हणाल्या.

"बघतो जरा, मावशी."

त्यानंतरचे कितीतरी रविवार त्यांनी त्या पोत्यावर काढले. सासूबाई काही न विचारता काठी घेऊन शेजारी बसायच्या.

पुढं पाऊस झाला, छावणी उठली. तेव्हा मात्र ते आठवडाभराची रजा टाकून सोलापूरला गेले, आणि तिसऱ्याच दिवशी परत आले. मी विचारलं, "लवकर आलात?"

"लई चांगलं केलं त्यांनी माझं," ते म्हणाले. "गोडधोड केलं. निजायला खाट दिली, त्या दोघी खाली निजल्या. लेकीनं ताट वाढलं अन् इचारलं, तुम्ही कधी निघणार? वाईट मनानं न्हाय, बाई. पाव्हण्याला इचारावं लागतंच की."

पुढं त्यांची मुरुमला बदली झाली. दिवाळीला एकदा येऊन गेले, सासूबाई वारल्या तेव्हा आले. मग काही वर्षांनी संघातल्या एकानं सांगितलं की ते गेले. सकाळी खोलीचं दार उघडलं नाही म्हणून गोठेवाल्यांनी येऊन पाहिलं.

महिन्याभरानं एक तरुणी दारात आली. कपाळ आणि भुवया बापाच्या, त्यामुळं नाव विचारावं लागलं नाही. मुरुमची खोली रिकामी करून ती तशीच माझ्याकडं आली होती.

"बाई, त्यांना जेवायला काय आवडायचं?" तिनं विचारलं. "आमच्याकडं आले की आई गोड करायची. ते सगळं खायचे. आवडायचं का, ते कळलंच नाही."

गोड त्यांना मुळीच चालायचं नाही. मी ते सांगितलं नाही. ज्वारीची शिळी भाकरी कुस्करून, वर कच्चं तेल, शेंगाची चटणी आणि फोडलेला कांदा, एवढंच सांगितलं. घरात सकाळची भाकरी होती. तिनं ती मागून घेतली, मी सांगितली तशीच कुस्करली, तेल किती घालायचं ते विचारलं, आणि खाली मान घालून सगळी खाल्ली.