उडीच्या पलीकडे अल्ताफ होता

श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर सासूबाईंनी अल्ताफची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “जावई, याला तुमच्या भरवशावर पाठवतेय.” अल्ताफ माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षांचा. तोवर त्याला बर्फ माहीत होता तो मासळीच्या पेट्यांत टाकायचा. रियाधमधल्या ज्या बर्फाच्या हॉलमध्ये मी कामाला होतो, तिथे मीच त्याला चिकटवला.

बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे चार. पोरं पायांना बोर्ड बांधून उतारावरून घसरत येतात आणि बर्फाच्या उंचवट्यावरून उडी मारतात. ते उंचवटे रोज फावड्याने, दाताळ्याने नीट करायचं काम आमचं. रोज हॉल उघडण्याआधी अल्ताफ एक जुना बोर्ड घेऊन स्वतःच शिकला. पडायचा, उठायचा आणि ओरडायचा, “दुल्हाभाई, होडीवर उभं राहण्यासारखंच आहे हे!” तेवढा खूश मी त्याला गावातही पाहिला नव्हता.

उंचवट्याच्या पलीकडचं वरून दिसत नाही. म्हणून माथ्यावर एक माणूस झेंडे घेऊन उभा असतो. पलीकडे कोणी असलं तर लाल, मोकळं असलं तर हिरवा. त्या दुपारी झेंडे माझ्याकडे होते. अल्ताफ पलीकडे खाली खड्डे बुजवत होता. मी खिशातला फोन काढून मेसेज वाचला. वर रांगेतली पोरं “यल्ला, यल्ला!” करत घाई लावत होती. अल्ताफ एव्हाना बाजूला झाला असेल, असं मी धरून चाललो. वळून पाहिलं नाही. हिरवा दाखवला.

बोर्डाची कड त्याच्या पाठीत बसली.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सुपरवायझरने कागद पुढे केला. “वो बिना पूछे अंदर गया था, यही लिखा है. साइन करो, खलास.” इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना जाईल, मुलींची शाळा बंद पडेल, एवढंच डोक्यात आलं. मी सही केली. दोन महिन्यांनी अल्ताफ स्ट्रेचरवर घरी गेला. कमरेखाली त्याला काही कळत नाही.

रजेवर गेलो तेव्हा सासूबाई माझा हात धरून रडल्या. “तुम्ही होतात म्हणून जिवंत आला.” त्या नमाजाला आत गेल्यावर अल्ताफ छताकडे बघत म्हणाला, “हिरवा तुम्हीच दाखवलात. मी बघितलं होतं.”

मी त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

“अम्मीला सांगू नका. तिला आता तुमचाच आधार वाटतो.”

सहा वर्षं आम्ही दोघं गप्प राहिलो. या रमजानात सासूबाई गेल्या. आता गावातल्या आणि इकडच्या सगळ्यांना सांगतो, त्या कागदावरचं खोटं आहे. अल्ताफची चूक नव्हती.

बायकोला आधी सांगितलं. चार दिवसांनी ती मुलींना घेऊन श्रीवर्धनला गेली. घर म्हणजे आता ती खोली, जिथे अल्ताफला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. ती वळवते. मी येऊ का, म्हणून तिला विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.