चौदा खोक्यांतला कापूर

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४, रायस्वाइक, नेदरलँड्स. सकाळी पाऊस, धुणं आत वाळत घातलं. दुपारी महाराष्ट्र मंडळाची दिवाळीची चौदा खोकी जर्मनीतल्या सभासदांना पाठवायला, मंडळाचे सचिव जयप्रकाशराव यांच्याबरोबर आसावरीच्या काउंटरवर गेले.

आसावरी चिंचवडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली तेव्हा डचचा एक शब्द येत नव्हता. सात वर्षांत भाषा शिकली आणि गेल्या वर्षापासून स्टेशनरीच्या दुकानातलं पार्सल काउंटर सांभाळते. पहिल्या तारखेपासून मालक ते तिच्या नावावर करणार होते. मात्र मनाई असलेली एक वस्तू जरी तिच्या हातून गेली, तरी तो विषय संपला. तिनेच मला सांगितलं होतं.

"आत काय आहे, काका?"

"पूजेचं सामान. तसंच लिही."

"म्हणजे कापूरही?"

"आहे की! कापूर म्हणजे काय बॉम्ब आहे?"

"भुर्रकन पेटतो म्हणूनच आरतीला घेता ना? पेटणारी वस्तू टपालाने जात नाही."

"अगं, गेल्या वर्षी दुसरीकडून गेली. आपली माणसं म्हणून तुझ्याकडे आलो, तर तू कायदा शिकव!"

"आपली म्हणून तर कात्री देतेय, काका. परक्यांना खोकी तशीच परत दिली असती."

खोकी मी भरली होती. कापराच्या पुड्या मीच घातल्या होत्या आणि मनात शंकाही आली नव्हती. कात्री घेतली आणि एकेक खोकं उघडून पुड्या काढू लागले. सहाव्या खोक्यात काडेपेटी निघाली.

"ही कुणी घातली?" मी विचारलं.

"मी," जयप्रकाशराव पुटपुटले. "कापूर पेटवायचा कशाने?"

आसावरीला हसू आवरेना. प्रत्येक खोक्यात मी चिठ्ठी ठेवली: 'कापूर आणि काडेपेटी तिथेच घ्यावी.'

रांग दारापर्यंत गेली तेव्हा मालक आतून आले. तिने काय झालं ते सांगितलं. त्यांनी पुडी हुंगली, काडेपेटी पाहिली आणि आत जाऊन कराराचा कागद आणला. पहिल्या तारखेची वाट कशाला पाहायची, असं म्हणाले.

आसावरीने कागदाकडे एकदा पाहिलं. "आधी रांग," ती म्हणाली आणि सातव्या खोक्याला चिकटपट्टी लावू लागली. सही शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर केली.

घरी यायला साडेसहा झाले. पोळ्या केल्या नाहीत. सगळ्यांनी कालचा मसालेभात खाल्ला.