पद्माक्का फिरतीवर

पहिल्या वर्षी पद्माक्कांनी माझी वही कोरीच परत दिली आणि वर मलाच दटावलं, "घरात बसल्यालं काय लिहू गं? बसले म्हणून लिहू?"

माणसं कुठं, कशानं आणि कशासाठी जातात, याची पाहणी आम्ही करत होतो. दरवर्षी तीच घरं, तीच माणसं. प्रत्येकाने आठवडाभराचा प्रवास वहीत लिहायचा. सदलग्याच्या पद्माक्का जैन शेतकरी घरातल्या, विधवा, साठीला टेकलेल्या. बस्तीतलं, म्हणजे जैन मंदिरातलं दर्शन, मळा आणि चूल, एवढंच त्यांचं फिरणं. कोऱ्या वहीची त्यांना किती लाज वाटली होती, ते मला पुढच्या वर्षी कळलं.

वही भरगच्च! निपाणी, चिकोडी, पुन्हा निपाणी. 'प्रवासाचे कारण' या रकान्यात लिहिलेलं : खिडकीजवळ जागा मिळाली.

"आक्का, खरं कारण लिहा."

"ह्येच खरं हाय की! लई ग्वाड वारं लागतंय."

तिसऱ्या वर्षी त्या भाचीकडून स्कूटर शिकल्या. दिवस मावळायच्या आत जेवायला घरी, एवढाच नेम. वहीला पुरवणी जोडावी लागली.

बेळगावच्या कचेरीत साहेबांनी ती वही माझ्यापुढे आपटली. "एक बाई एवढं फिरते? की तुम्हीच घरी बसून लिहिलंत?"

माझी नोकरीच पणाला लागली. साहेब तपासायला स्वतः सदलग्याला आले, तर दाराला कुलूप! एवढ्यात हॉर्न वाजवत आक्का अवतरल्या. पदर खोचलेला, मागे शेजारीण डोळे गच्च मिटून बसलेली.

साहेब धारवाडकडचे. त्यांनी कानडीतून शंका विचारली. आक्कांनी शेजारणीला उतरवलं आणि मागची सीट थोपटली. "बर्री साहेब, हिंद कुंद्री!" साहेब मागे बसले न बसले तोच स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली.

तासाभराने साहेब परतले. केस उभे, चष्मा हातात, शर्टावर उसाचा रस. ते पायरीवर बसले आणि मला वाटलं, संपलं सगळं. पण ते पोट धरून हसत होते. "अहो, बाईंनी कमीच लिहिलंय!"

यंदा पाहणी बंद झाली. निरोप द्यायला मी जड मनाने फोन केला.

"म्हंजे आता कुठं चालले, कशाला चालले, कुणालाच सांगायचं न्हाय?"

"नाही, आक्का."

"अगं बाई!" त्या खदखदून हसल्या. "ठेव ठेव फोन, निपाणीची गाडी लागली!"