हिरोची चिठ्ठी आणि मावशींचं रिकामं पाकीट

राजूरला गणपतीच्या रस्त्याला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मेडिकल आहे. औषधांच्या कपाटावर दोन फोटो आहेत. एक गणपतीचा, दुसरा अण्णांच्या लाडक्या हिरोचा. तरुणपणी त्याचा नवा सिनेमा लागला की अण्णा जालना गाठायचे. भांग अजूनही त्याच्यासारखाच पाडतात, पाडण्याजोगे केस फारसे उरले नसले तरी. आई त्या फोटोला सवत म्हणते आणि उदबत्ती ओवाळताना हात मुद्दाम गणपतीपाशीच थांबवते.

आमच्या भागात डॉक्टरची चिठ्ठी कुणी सांभाळत नाही. संपलेल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट पदराच्या गाठीला बांधायचं, दुकानात येऊन पुढे करायचं आणि म्हणायचं, हेच दे. अण्णा पाकीट निरखणार, घरच्यांची चौकशी करणार आणि कात्रीने गोळ्या कापून देणार. गुडघे, बीपी, पित्त, सगळं याच रिवाजावर चाललेलं. हसनाबादच्या एका मावशींची झोपेची गोळीसुद्धा. नवरा गेल्यापासून त्यांचा डोळा लागत नव्हता. डॉक्टरांनी एकदा लिहून दिली होती, त्यानंतर पाकिटावर पाकीट.

मागच्या वर्षी औषध निरीक्षक तपासणीला आले. अण्णांनी त्यांना स्टूल दिलं, चहा सांगितला, तेवढ्यात मावशी आल्या. साहेबांच्या डोळ्यांदेखत अण्णांनी रिकामं पाकीट पाहिलं आणि कात्री चालवली. मनात खोट असती तर निदान साहेब जाईपर्यंत थांबले असते. साहेबांनी मावशींना चिठ्ठी विचारली. मावशींना वाटलं, साहेब दुकानाची चौकशी करतायत, तर आपल्या माणसाचं कौतुक करावं.

"लई गुणाचा माणूस हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "आजवर कधी चिठ्ठी मागितली न्हाई."

झालं. अण्णांना नोटीस आली. परवाना काही दिवसांसाठी जाणार की कायमचाच, हे सुनावणीत ठरणार होतं. अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं. या दुकानाशिवाय त्यांना दुसरं काही येत नाही, आणि दुकानात बसल्याशिवाय त्यांना करमतही नाही.

त्याच आठवड्यात हिरो टीव्हीवर आला. परदेशातून येताना त्याच्या बॅगेत झोपेच्या गोळ्या सापडल्या होत्या, पाकिटांवर पाकिटं, आणि चिठ्ठी नव्हती. दोन दिवस सगळ्या चॅनलवर तेच. मग त्याच्या डॉक्टरांची जुन्या तारखेची चिठ्ठी हजर झाली, वकील कॅमेऱ्यापुढे गोड बोलले आणि प्रकरण मिटलं. हिरोने गॉगल लावून हात हलवला. ती चिठ्ठी खरी असेलही, मला काय माहीत. पण मी जालन्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. कायद्यापुढे सगळे समान, हे वाक्य दरवर्षी पोरांकडून घोकून घेते. बळी तो कान पिळी हेच पुस्तकात छापा म्हणावं, असं बोलून मी रिमोट आपटला.

अण्णांनी रिमोट उचलला आणि त्याचे सेल पुन्हा बसवले. "त्यालाबी झोप लागत नसंल," ते म्हणाले.

अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मला त्यांची चीडही आली आणि मायाही.

मग गावातले एक डॉक्टर, अण्णांचे जुने मित्र, घरी आले. मावशींच्या नावाने मागच्या तारखेची चिठ्ठी लिहून देतो म्हणाले. हिरोचं मिटलं तसं आपलंही मिटेल. आईने लगेच हो म्हटलं, मीही म्हटलं. नागरिकशास्त्र गेलं चुलीत. अण्णांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले की मावशी साहेबांपुढे खरं बोलल्या आहेत, आता चिठ्ठी दाखवली तर त्या खोट्या ठरतील. त्यांनी डॉक्टरांना फाटकापर्यंत सोडलं आणि विषय संपवला.

सुनावणीत अण्णांनी सगळं कबूल केलं. परवाना महिनाभरासाठी निलंबित झाला. कायमचा गेला नाही, म्हणून आईने गणपतीला पेढे ठेवले. मी मात्र घरभर धुमसत होते. अपील करा, पेपरात द्या, हिरोला एक न्याय आणि आपल्याला एक का, असं माझं चालूच होतं.

"मला शिक्षा झाली ते बराबर झालं," अण्णा म्हणाले. "झोपेची गोळी हाय, गुळाचा खडा न्हाई. त्याची नीट चौकशी झाली नसंल तर ते बराबर न्हाई. पण त्याचं माझ्यात कशाला मिसळून राह्यली तू?"

मी अपिलाचा विषय सोडला. मी विषय सोडणं हे आमच्या घरात नवल आहे.

महिना सरत आला तेव्हा एका सकाळी मावशी बंद शटरपुढच्या पायरीवर येऊन बसल्या. दुकानामागच्या घरातून आम्ही बाहेर आलो. त्यांनी पदराची गाठ सोडली. रिकाम्या पाकिटासोबत घडी घातलेली चिठ्ठी होती. भोकरदनच्या सरकारी दवाखान्यात रांगेला बसून आणली होती. अण्णांनी ती वाचली, पुन्हा वाचली. नेमकी आता त्यांना गोळी देता येत नव्हती. दुकान थोडे दिवस बंद आहे, एवढंच ते म्हणाले. का बंद आहे, ते त्यांनी मावशींना कधीच सांगितलं नव्हतं.

ते मावशींचा हात धरून त्यांना समोरच्या मेडिकलमध्ये घेऊन गेले. मीही मागून गेले. तिथल्या दुकानदाराने रिकामं पाकीट घेतलं, चिठ्ठीकडे पाहिलंही नाही आणि कात्री उचलली. मावशींनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"आधी चिठ्ठी वाच," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडामुळं एकाचं दुकान बंद पडलंय."

अण्णा रडायला लागले, भर दुकानात. दुकानदाराने निमूटपणे चिठ्ठी वाचली. मावशींनी गोळ्या घेतल्या, चिठ्ठीची घडी घालून पदराला पुन्हा गाठ मारली आणि अण्णांना दटावलं, "रडतो कशाला? तुझं दुकान उघडू दे. मंग तुलाच दाखवते."