नाक धर आणि मार

"नाक धर त्याचं आणि मार."

गुरुजींनी असं म्हटलं की उत्तर बरोबर आलेल्या पोराने चुकलेल्याचं नाक डाव्या हाताने पकडायचं आणि उजव्याने थोबाडीत ठेवून द्यायची. बरकतपुऱ्यातली आमची शाळा. त्या दिवशी पाढा मी चुकलो, बरोबर आला गुरुजींच्या पुतण्याला. त्याने हळू मारली. गुरुजी म्हणाले, "जोरात. शेतकऱ्याचं कातडं आहे, बैलाचं. नंतर हात धुऊन ये." पुढच्या थपडेला नाकातून रक्त आलं. पोरं हसली. मी शाळा सोडली.

बेगम बाजारात मसाल्याचं दुकान मी स्वतःच्या जिवावर उभं केलं. भाव करताना माझ्यापुढे कोणी टिकत नाही. पण समोर इंग्रजी कागद आला की मी मुका. म्हणून पन्नाशीत आबिड्स भागातल्या इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसलो.

दोन महिने झाल्यावर एका संध्याकाळी वर्ग सुरू करताना सरांनी शिकवण्याचा सगळा इतिहासच सांगितला. आधी घोकंपट्टी, छडी आणि नाक धरून थोबाडीत. मग जाणते लोक म्हणू लागले, मूल म्हणजे रिकामं मडकं नव्हे. ते खेळून, हाताळून, चुकून शिकतं. पुढे मोठ्यांचाही विचार झाला. मोठी माणसं अनुभव घेऊन येतात, त्यांना बरोबरीने वागवा. मी ऐकत होतो आणि आतून पेटत होतो. हे सगळं ठाऊक होतं, तर माझं रक्त का काढलं?

मग वाचन सुरू झालं आणि साडीच्या दुकानात काम करणारी लक्ष्मम्मा अडखळली. तेच वाक्य मी बरोबर वाचलं. सर हसले. "शेठ, आता आपल्या जुन्या शाळेसारखं. नाक धरा बाईंचं, द्या एक."

वर्ग फिदीफिदी हसला. लक्ष्मम्माने डोळे मिटून तोंड पुढे केलं. पोरंबाळं असलेली बाई. मार घ्यायला तयार.

मी सरांची कॉलर धरून त्यांना फळ्यावर आदळलं. मूठ वळली होती.

"अहो, गंमत केली," ते पुटपुटले.

"मग तुमचं नाक आणा पुढे."

"वद्दु, अन्ना," लक्ष्मम्मा रडत म्हणाली. नको, दादा. तिच्यासाठी सोडलं. नाहीतर फोडलंच असतं.

वर्गाचे मॅनेजर दुकानात आले. सरांची माफी मागा आणि या परत, म्हणाले. मी म्हटलं, आधी सरांनी भर वर्गात लक्ष्मम्माची मागायची. मग त्यांनी तोडगा काढला, दोघांनीही विसरून जायचं. मी त्यांना दुकानाबाहेर काढलं.

आता रोज संध्याकाळी मी त्या वर्गाच्या जिन्यापाशी उभा राहतो. नाव घालायला येणाऱ्या प्रत्येकाला वर काय झालं ते सांगतो. माणसं परत जातात. ती माफी भर वर्गात मागितली जाईपर्यंत हा जिना मी सोडणार नाही. आलेलं गिऱ्हाईक कसं फिरवायचं, हे मला कुठल्याही सरांनी शिकवायची गरज नाही.