दिव्याखालचे हात

“झाकणावर आहे. पेल्यावर आहे. आत्याच्या हनुवटीवर पण आहे.”

सर एकेक जागा दाखवत होते. भर दुपारी दारं लावून काळोख केलेलं माजघर. सरांच्या हातात जांभळा दिवा. आणि जिथं जिथं माझी बोटं लागली होती, तिथं तिथं हिरवे ठसे. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. “हिनं माठाला हात लावला?” त्यांनी मला नाही विचारलं. सरांना विचारलं.

हो, लावला. तासाभरापूर्वी सरांची म्हातारी आत्या चक्कर येऊन दारात कोसळली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी मागच्या खोलीतून धावले, माठातलं पाणी घेतलं, हनुवटी धरून तिला घोट घोट पाजलं. “भलं होईल गं तुझं,” म्हणाली ती. तेव्हा तिला माझी जात आठवली नव्हती. नंतर आठवली असावी, कारण ती कुणालाच काही बोलली नाही. मग सर आणि काकू परतले. काकूंना नवा रंग चमकताना दाखवायची सरांना हौस आली. मागच्या खोलीत कौलांतून ऊन यायचं, म्हणून त्यांनी दिवा माजघरात आणला.

तो रंग मी केला होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. उन्हाळ्यात पुण्याची प्रयोगशाळा बंद असायची, तेव्हा काम सरांच्या भोरच्या घरी, मागच्या खोलीत चालायचं. मी माझ्या गावाहून, उत्रोलीहून, चालत यायची. मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. माझा पेला मागच्या पायरीवर. तसं कुणी सांगितलं नव्हतं, तो तिथंच ठेवलेला असायचा. आणि मीही मुकाट प्यायची. याची आजही लाज वाटते.

शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो धड दिसत नाही. आम्हाला असा रंग हवा होता, जो पाण्यात विझलेला राहील आणि चरबीत शिरला की जांभळ्या दिव्याखाली उजळेल. त्यासाठी रंगाच्या रेणूला चरबीची शेपटी जोडावी लागते. आखूड झाली की रंग धुऊन जायचा, लांब झाली की गोळे व्हायचे. तीन वर्षं मी तेच करत होते. शेवटी जमला. असा जमला की बोटांच्या तेलकटपणात मुरला, साबणानंही जाईना. बाटलीवर मात्र नाव सरांचं होतं. माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची बाकी होती, म्हणून मी गप्प होते.

“स्पिरिट आण आणि पूस,” सर म्हणाले. आवाज नेहमीचाच, वर्गात फळा पुसायला सांगावं तसा.

मी झाकण पुसलं. पेला पुसला. चौकट पुसली. दिवा पुढं सरकायचा, मी गुडघ्यांवर त्याच्या मागं. पुसताना माझाच हात जमिनीवर टेकायचा आणि नवा ठसा उठायचा. काकू म्हणायच्या, अजून आहे. मला रडू येत होतं आणि रडले तर सही जाईल असं वाटत होतं. तीन वर्षांत एवढंच शिकले होते मी.

मग सरांनी बोट पुढं केलं. “इथं राहिलं.”

त्यांचं बोट उजेडात आलं. काळं. मग आख्खा पंजा आला. नखांत नाही, रेषांत नाही, कुठंही हिरवा कण नाही. माझे हात मनगटापर्यंत पेटलेले. आत्याची हनुवटीसुद्धा हिरवी. आणि ज्यांच्या नावाचा रंग, त्यांचे हात कोरडे.

मी स्पिरिटचा बोळा खाली ठेवला. पुण्यात जपून वापरलेली भाषा गळून पडली.

“तुमच्या हाताला तर कायच न्हाई, सर. मी पुसणार न्हाई.”

मागच्या खोलीत जाऊन माझी प्रयोगांची वही उचलली. सर म्हणाले, “सहीशिवाय ती रद्दी आहे.” मी पुढच्या दारानं बाहेर पडले.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. माझे हात हातात घेऊन बघितले, तिला काहीच दिसलं नाही. “माफी माग, पोरी,” ती म्हणाली. “सई तेवडी घे. मग काय बोलायचं ते बोल.” तिच्यावर रागावता येईना. भात लावून लावून दर पावसाळ्यात तिच्या पायांच्या बोटांत चिखल्या व्हायच्या आणि ती माझ्या पदवीकडे डोळे लावून बसली होती.

मी माफी मागितली नाही. सही मिळाली नाही. पदवीही नाही. भोरच्या रस्त्यावर सर दिसायचे, मान वळवायचे. मी वळवत नव्हते.

वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलेलं त्यांचं नाव मी खोडलंय. खाली माझं लिहिलंय. हे कुणाला तपासायचं असेल त्यानं दिवा घेऊन यावं. आधी स्वतःचे हात दाखवावेत.