ब्रेकमामाची पिवळी सवारी

माझे मामा कुठेही बसले तरी उजव्या पायाने ब्रेक दाबत. ऑटोत, लग्नाच्या पंगतीत, अगदी खाटेवर बसून टीव्ही बघतानाही. उभा जन्म एसटी चालवण्यात गेला. मामा निवृत्त झाले, पाय काही झाला नाही. आम्ही भाचरं त्यांना ब्रेकमामा म्हणायचो. "मी दाबतो म्हून तुमी वाचून राह्यले," असं ते वर ऐकवायचे.

वणी-पांढरकवडा ही त्यांची संध्याकाळची फेरी. त्या रस्त्यावर नाल्याच्या पुलाआधी, वळणावर, माणसाएवढं उंच एक झुडूप पिवळ्या फुलांनी भरलेलं असायचं. कोणी न लावता तणात वाढलेलं. छाटलं तरी त्याच खोडातून पुन्हा वर यायचं. मामा त्याला "माही पिवळी सवारी" म्हणायचे. आमच्याकडे प्रवाशाला सवारीच म्हणतात. रोज हात दाखवते आणि आपण गाडी हाणत निघून जातो, याची त्यांना रुखरुख. कंडक्टर म्हणाला, टाकळा असेल. मामा उखडले. "टाकया गुडघ्याएवढा असते, पाऊस सरला का वाळते. हे बारमाही हाय." मामीने तरवड म्हणून पाहिलं. "तरवडाचे पानं चिंचेवानी बारीक. हिचे पिंपळावानी. तुले काय समजते!"

मग मामांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, कडेचं जात होतं. मामांची घालमेल सुरू झाली. "जिंदगीभर समोरच पाह्यलं मी. आता बाजूचं पाहाले फुरसत भेटली, त तेच चाल्लं." नजर आहे तोवर ते झाड जवळून पाहायचं, त्याचं नाव शोधायचं, एवढाच ध्यास. घरात कोणाला स्वस्थ बसू देईनात.

एका सकाळी मी त्यांना स्कूटीवर नेलं. वळण आलं, पूल आला, पिवळं काहीच नाही. मामा पिवळं शोधता शोधता एका मऊ पानांच्या झुडपाला धरून उभे राहिले. "तोडलं वाटते कोनी. उशीर झाला आपल्याले." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे तपासणीसाठी वणीला गेलो. परतताना उन्हं कलली होती. त्याच वळणावर मी कचकन ब्रेक दाबला.

"काहून थांबवली?"

"मामा, सवारी आहे."

त्या सकाळी त्यांनी धरलेलं तेच झुडूप होतं. त्याची फुलं दुपार कलल्यावरच उघडतात, आणि मामांची फेरी कायम संध्याकाळची! त्यांनी चेहरा फुलांना भिडवला. पानं चाचपता चाचपता एक चाकासारखं, कडेने दातेरी फळ हाताला लागलं. ते त्यांनी तळहातावर दाबलं आणि ओरडले, "आवं, हा त शिक्का! लहानपनी हातावर याचेच ठप्पे मारत होतो आमी. शाळा सकायची, फूल कवा दिसलंच नाही!"

"पुस्तकात याला मुद्रा म्हणतात, मामा."

"मुद्रा म्हंजे शिक्काच ना वं!"

घरी येईपर्यंत त्यांचा पाय एकदाही हलला नाही.

पुढे नजर पार गेली. मामा अंगणात बसायचे, खिशात ती फळं. येईल त्याच्या हातावर ठप्पा, म्हणजे तिकीट. शेवटच्या भेटीत माझा तळहात चाचपून त्यांनी शिक्का दाबला. "तुही तिकीट फाडली. जाय आता. बाजूचं पाहत जाजो."

स्कूटी सुरू करेपर्यंत ठसा पुसला होता. मामांची फार आठवण येते. त्या वळणावर मी अजूनही थांबते. संध्याकाळीच.